ऑटोमॅटिक गाडीतले ऑइल: ‘आयुष्यभर’ म्हणजे नेमके किती?

साताऱ्याहून कोरेगावकडे जाताना गाडी साठच्या आसपास वेगाने सरळ रस्त्यावर चालली होती, आणि अचानक पायाखाली बारीक घरघर जाणवू लागली. रस्त्यावर लागोपाठ मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून चाके जावीत, तशी. शेजारी बसलेल्या पत्नीने खिडकीतून खाली पाहिले आणि म्हणाली, “रस्ता तर चांगला आहे की!” ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की घरघर थांबायची, पाय स्थिर ठेवला की पुन्हा यायची. टायर बदलून पाहिले, बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले. शेवटी दोष निघाला तो गिअरबॉक्समधल्या ऑइलमध्ये. गाडी घेताना याच ऑइलविषयी मला ‘याला कधीच हात लावावा लागत नाही’ असे सांगण्यात आले होते. रनिंग तेव्हा ७४,००० किलोमीटर झाले होते.

हा गोंधळ माझ्या एकट्याचा नाही. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि सामान्य माणसाच्या ऐपतीत बसणारी, क्लचचे पेडल नसलेली गाडी रस्त्यावर दिसू लागली. त्यानंतर ऑटोमॅटिक गाड्या झपाट्याने वाढल्या. त्या काळात घेतलेल्या गाड्या आज दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. गिअरबॉक्सचे ऑइल बदलायचे का, असे या मालकांनी विचारले तर मॅन्युअल एक सांगते, सर्व्हिस सेंटर दुसरे सांगते आणि ओळखीचा मिस्त्री तिसरेच सांगतो. या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, पण ते कोठे लागू पडते आणि कोठे नाही हे कळण्यासाठी आधी हे ऑइल आत काय करते ते पाहिले पाहिजे.

तुमचा डावा पाय आणि डावा हात

साध्या गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ती सोडण्या-धरण्याचे काम आपला डावा पाय करतो, गिअर टाकण्याचे काम डावा हात करतो, आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलकडे फक्त दात्यांना वंगण देण्याचे काम उरते. रूढ पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत तो डावा पाय आणि तो डावा हात या दोहोंची कामे ऑइलच करते. हा फरक एकदा नीट ध्यानात आला की पुढचे सारे आपोआप उलगडते.

पायाचे काम आधी पाहू. आपल्याकडे विहिरीवर मोटार असते. तिच्या आतली पाती फिरतात आणि पाणी जोराने फेकतात. याच्या उलट, कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहात जोराने येऊन चक्रावर आदळते आणि ते चक्र फिरवते. आता मोटारीतली फेकणारी पाती आणि वीजगृहातले फिरणारे चक्र एकाच गोल, बंद डब्यात समोरासमोर बसवा आणि पाण्याऐवजी ऑइल भरा. इंजिन एका बाजूची पाती फिरवते, फेकलेल्या ऑइलच्या जोराने दुसऱ्या बाजूचे चक्र फिरते आणि त्यातून गिअरबॉक्सला गती मिळते. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन्ही बाजूंमध्ये धातूचा धातूशी संबंध नसल्यामुळे पोवई नाक्यावर ब्रेक दाबून थांबलात तरी इंजिन बंद पडत नाही. ऑइल नुसते घुसळले जाते. मात्र द्रवाच्या जोरावर फिरणारे चक्र नेहमी थोडे मागे राहते आणि तेवढे इंधन वाया जाते. म्हणून गाडी एका वेगाने धावू लागली की डब्यातच बसवलेला एक छोटा क्लच दोन्ही बाजूंना एकत्र बांधतो. त्याला लॉक-अप क्लच म्हणतात. माझ्या गाडीतली घरघर याच ठिकाणाहून येत होती.

आता हाताचे काम. गिअरबॉक्सच्या आत पातळ चकत्यांचे अनेक गठ्ठे असतात. या चकत्यांवर कागदासारख्या पदार्थाचे अस्तर चिकटवलेले असते आणि त्या सतत ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. कोणता गठ्ठा दाबला आणि कोणता सैल सोडला यावर कोणता गिअर पडला हे ठरते, आणि दाबण्याचे काम ऑइलचा दाब करतो. हा दाब टायरातल्या हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. तो योग्य वेळी योग्य गठ्ठ्याकडे वळवण्यासाठी वाटा आणि झडपा यांचे एक चक्रव्यूहासारखे जाळे असते. त्यातल्या झडपांची फट माणसाच्या केसापेक्षाही बारीक असते. एवढ्या बारीक फटीत मळ अडकला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दाब निर्माण करणे, शक्ती पोहोचवणे, दात्यांना वंगण देणे, उष्णता वाहून नेणे आणि झिजेचा कचरा फिल्टरपर्यंत व चुंबकापर्यंत नेणे, इतकी कामे हा एकच द्रव करतो. त्याला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणतात. मिस्त्री लोक त्याला नुसते ‘लाल ऑइल’ म्हणतात.

निसरडेही हवे आणि पकडणारेही हवे

येथे खरी मेख आहे. इंजिन ऑइलकडून आपली अपेक्षा एकच असते: घर्षण कमी करावे. एटीएफकडून मात्र दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. दाते आणि बेअरिंग यांच्यासाठी ते निसरडे हवे, आणि चकत्या एकमेकींना भिडतील तेव्हा त्यांना पकड मिळू द्यायला हवी. ही पकडही एकदम नव्हे, तर हळुवार आणि ठाम हवी. आपल्याकडच्या तालमीतली माती आठवा. ती नुसती रानातून आणून टाकलेली नसते. तिच्यात तेल, ताक, हळद कालवून ती अंगाला बोचणार नाही आणि पायाला धरही देईल अशी मुरवतात. कुस्तीत घामाने अंग निसरडे झाले की पैलवान एकमेकांच्या अंगावर तीच माती टाकतात, कारण तिच्याशिवाय पकड बसत नाही. एटीएफमध्ये ही ‘मुरवणी’ करणारी खास रसायने घातलेली असतात, आणि प्रत्येक गिअरबॉक्सच्या अस्तराला साजेशी ती वेगवेगळी असतात.

या मुरवणीचा इतिहासही विलक्षण आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये १९४० च्या ओल्डस्मोबिल मॉडेलसाठी हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढे आलेल्या त्यांच्या एटीएफमध्ये ही नेमकी पकड साधण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने त्या तेलावर बंदी आणली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. मला ही गोष्ट वाचल्यापासून एटीएफ हे ‘कोणतेही चालते’ अशा जातीचे ऑइल नाही याविषयी शंका राहिलेली नाही.

ही रसायने काळ आणि उष्णता यांनी खर्ची पडतात. ती संपत आली की लॉक-अप क्लच धरताना चकत्या एकसारख्या न धरता धर-सोड, धर-सोड असे सेकंदात कित्येकदा करतात. कोरेगावच्या रस्त्यावर मला जाणवलेली घरघर हीच. गिअर बदलताना बसणारा हलका धक्का, सकाळी डी किंवा आर मध्ये लिव्हर टाकल्यावर गाडीला हालायला लागणारा एखाद-दुसरा सेकंद, आणि इंजिनचा आवाज चढला तरी गाडी न ओढणे, ही पुढची लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण दिसेपर्यंत थांबले तर बहुधा नुसत्या ऑइलने भागत नाही.

घाट, उन्हाळा आणि उसाच्या ट्रॉल्या

भज्यांचे तेल दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यानंतर काळे आणि चिकट का होते? उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूने. एटीएफचेही तसेच होते. ते साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर सुखाने काम करते. १२० अंशांच्या वर मात्र त्याचे आयुष्य झपाट्याने घटू लागते. या विषयातला जुना ठोकताळा असा की तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढले की ऑइलचे आयुष्य निम्मे होते.

आता आपल्या जिल्ह्यातले रस्ते पाहा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना, यवतेश्वरच्या घाटाने कासला जाताना किंवा कराडहून कुंभार्ली घाटाकडे निघाल्यावर वेग कमी, चढ जास्त आणि वळणे सारखी. लॉक-अप क्लच बहुतेक वेळ सुटलेलाच असतो, म्हणजे सारी शक्ती घुसळल्या जाणाऱ्या ऑइलमधूनच जाते. जे घुसळते ते तापते. वेग कमी असल्यामुळे समोरून येणारी थंड हवाही कमी. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवारी-रविवारी चढावर लागलेल्या रांगेत गाडी दोन-दोन फूट पुढे सरकते, तेव्हा ऑइलची जितकी परीक्षा होते तितकी महामार्गावर पुण्यापर्यंत जाताना होत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे तासभर रांगत जाणे हे त्याच जातीचे. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ म्हणून एक वेगळा तक्ता असतो. डोंगराळ रस्ते, धूळ, कडक ऊन, थांबत-थांबत चालणे असे त्याचे वर्णन असते. बहुतेक मालक तो तक्ता आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटतात. साताऱ्यात गाडी वापरणाऱ्याने तो तक्ता स्वतःचाच समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सवय मात्र आजच सोडता येईल. चढावर रांगेत थांबताना ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरणे अनेकांना कौशल्याचे वाटते. त्या वेळी इंजिनची सारी शक्ती उष्णतेत जाते: टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल तापते, इतर प्रकारांत क्लच जळतो. ब्रेक दाबा किंवा हँडब्रेक ओढा.

आपल्या गाडीत कोणती पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, आहे?

हा प्रश्न ऑइलच्या आधी विचारायचा, कारण ‘ऑटोमॅटिक’ हे एक नाव असले तरी आतली यंत्रे चार तऱ्हांची आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते.

आतापर्यंत वर्णन केली ती टॉर्क कन्व्हर्टरची पेटी. एएमटी ही तिच्याहून अगदी वेगळी. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त पाय आणि हात यांच्या जागी यंत्र बसवलेले असते. मारुती तिला एजीएस म्हणते. अशा गाडीत साध्या गिअरबॉक्सचेच ऑइल पडते. काही गाड्यांत क्लच आणि गिअर हलवणारे यंत्र वेगळ्या हायड्रॉलिक द्रवावर चालते, काहींत विजेच्या मोटारीवर. द्रव असेल तर त्याची पातळीही पाहावी लागते. एएमटीच्या मालकाला कोणी ‘एटीएफ फ्लशिंग’ (यंत्राने जुने एटीएफ बाहेर ढकलून नवे भरणे) करायला सांगत असेल, तर सांगणाऱ्याला त्या गाडीची माहिती नाही असे खुशाल समजावे.

तिसरी सीव्हीटी. हिची कल्पना यायला ॲक्टिव्हासारखी गिअर नसलेली स्कूटर पुरते. दोन पुल्या, त्यांच्यात पट्टा, आणि पुल्या जवळ-लांब होतील तसा पट्टा वर-खाली सरकतो. स्कूटरचा पट्टा रबरी आणि कोरडा असतो, मोटारीतला पोलादी असतो आणि ऑइलमध्ये चालतो. पोलाद पोलादावर घसरू नये म्हणून या ऑइलची घडणच निराळी असते. सीव्हीटीत साधे एटीएफ ओतले तर पट्टा घसरतो, पुल्यांवर ओरखडे उठतात आणि पेटी कायमची जाते. होंडा, निस्सान, टोयोटा यांच्या सीव्हीटी गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. ह्युंदाई आपल्या सीव्हीटीला आयव्हीटी म्हणते, त्या नावाने फसू नये.

चौथी डीसीटी, फोक्सवॅगनच्या भाषेत डीएसजी. हिच्यात दोन क्लच असतात. ते ऑइलमध्ये भिजलेले असतील तर खास ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलावेच लागते. कोरडे असतील तर गिअरचे ऑइल वेगळे आणि नियंत्रण यंत्राचे वेगळे असते.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. एटीएफला लाल रंग देतात तो गळती झाल्यास इंजिन ऑइलपासून ते वेगळे ओळखू यावे म्हणून. रंगाचा गुणाशी काही संबंध नाही. पिवळट, हिरवट, निळसर द्रवही बाजारात आहेत, आणि एकाच लाल रंगाची दोन ऑइले एकमेकांना न चालणारी असू शकतात. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असे लिहिलेले असले तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये छापलेले नेमके नाव किंवा क्रमांक त्या डब्यावर शब्दशः आहे का ते पाहावे. नसेल तर घेऊ नये.

“पण कंपनीच म्हणते, बदलायची गरज नाही!”

हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे, कारण गाडी बनवणाऱ्याला गाडीतले आपल्याहून जास्त कळते. प्रश्न ‘आयुष्यभर’ या शब्दाच्या अर्थाचा आहे. आयुष्य कोणाचे? गाडी कारखान्यातून निघते तेव्हा पहिला मालक ती किती वर्षे आणि किती किलोमीटर वापरील याचा एक अंदाज धरलेला असतो. त्या अवधीत गिअरबॉक्स त्याच ऑइलवर चालला की ‘आयुष्यभर’ हा शब्द खरा ठरतो. आपल्याकडे मात्र गाडी बारा-पंधरा वर्षे चालते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि तिचे खरे आयुष्य तेथेही सुरूच असते.

याविषयी एक गोष्ट बोलकी आहे. जर्मनीची झेडएफ ही कंपनी अनेक मोठ्या मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते. तिच्या पेट्या बसवलेल्या काही गाड्यांविषयी ऑइल आयुष्यभराचे असल्याचे सांगितले जाते. परंतु झेडएफ स्वतः आपल्या ऑटोमॅटिक पेट्यांचे ऑइल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलण्याची शिफारस करते. पेटी बनवणारा आणि गाडी विकणारा यांच्यात मतभेद असतील तर मी पेटी बनवणाऱ्याचे ऐकेन.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत घाटातला वापर असेल तर ६०,००० किलोमीटर किंवा सहा वर्षे, आणि सीव्हीटीत ४०,००० ते ५०,००० किलोमीटर, हा मी स्वतःसाठी आणि नातलगांसाठी धरलेला हिशेब आहे. मॅन्युअलमध्ये याहून कमी मुदत असेल तर अर्थातच मॅन्युअल मोठे. बदलण्याचा खर्च काही हजारांत होतो. पेटी उघडून दुरुस्त करायची वेळ आली तर तो आकडा सहज लाखाच्या घरात जातो.

“ऑइल बदलले आणि आठ दिवसांत गिअरबॉक्स गेला”

अशा घटना खरोखर घडतात, म्हणून त्या हसण्यावारी नेता येत नाहीत. पण त्यांची कारणे सुटी सुटी करून पाहावी लागतात. पहिले म्हणजे, पुष्कळ लोक ऑइल बदलायला जातात तेच मुळी गिअरबॉक्स घसरू लागल्यावर. अस्तर झिजून गेलेले असते. मरणपंथाला लागलेल्या रोग्याला शेवटच्या दिवशी दिलेले औषध हे मृत्यूचे कारण नव्हे. त्यातही, जुन्या ऑइलमध्ये तरंगणारा झिजेचा कीस अशा पेटीत थोडीफार पकड देत असतो. ताजे, स्वच्छ ऑइल आले की तो आधारही जातो आणि घसरण उघडी पडते.

दुसरे कारण चुकीचे ऑइल किंवा चुकीची पातळी. तिसरे कारण मशिनचे फ्लशिंग. या पद्धतीत यंत्राच्या साहाय्याने नवे ऑइल आत सोडून जुने बाहेर ढकलतात. नियमित निगा असलेल्या गाडीत, पेटीच्या नेहमीच्या दाबाने आणि बाहेरचे कोणतेही क्लीनर न वापरता हे केले तर चालते. एक लाखाच्या पुढे गेलेल्या आणि कधीच ऑइल न बदललेल्या गाडीत मात्र तळाशी बसलेला गाळ उठून झडपांच्या बारीक फटींत जाण्याची भीती असते. अशा गाडीसाठी साधी काढ-भर पद्धत, म्हणजे खालून निघेल तेवढेच काढून तेवढेच नवे भरणे, सुरक्षित. ती हळू आहे, पण पेटीला सोसते.

प्रत्यक्ष बदलताना

माझ्या गाडीचे काम गोडोलीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये झाले. मिस्त्री साठीच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी गाडी लिफ्टवर आडवी-उभी नीट समपातळीत घेतली आणि सर्वांत आधी भरण्याच्या तोंडाचा नट सैल करून पाहिला, मग खालचा ड्रेन नट खोलला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरण्याचा नट गंजून अडकला असेल आणि खालचे ऑइल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी तेथेच अडकते.

ट्रेमध्ये पडलेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. लाली फक्त धारेच्या कडेला, उजेड पडला तेथे, पुसटशी दिसत होती. त्यांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, बोट नाकाशी नेले आणि म्हणाले, “सर, ह्ये जळालं न्हाई, पर म्हातारं झालंय.” मग चेंबर, म्हणजे पेटीच्या तळाची ऑइलची परात, उतरवला. त्याच्या तळाशी दोन चुंबके होती आणि दोन्हींवर काजळासारखा राखाडी-काळा लेप बसला होता. मिस्त्रींनी तो चिमटीत घेऊन बराच वेळ चोळला. “ह्यात कचकच न्हाई. कचकच लागली असती तर म्या नवं ऑइल वतलंच नसतं.” त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर होते. मऊ लेप म्हणजे वर्षानुवर्षांची स्वाभाविक झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा अस्तराचे तुकडे निघाले तर रोग खोल गेला आहे आणि पेटी उघडावीच लागणार, असे समजायचे. चुंबके पुसली, फिल्टर आणि पॅकिंग नवे घातले आणि चेंबर चढवला.

आता हिशेबाचा भाग. पेटीत एकूण सात लिटर ऑइल असेल तर ड्रेन नट खोलल्यावर सुमारे तीनच लिटर निघते. उरलेले चार लिटर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकून राहते. म्हणजे एकदा बदलल्यावर ४३ टक्के ऑइल नवे होते. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तीन लिटर काढून भरले की नव्याचा वाटा ६७ टक्क्यांपर्यंत जातो, आणि तिसऱ्या वेळी ८१ टक्क्यांपर्यंत. ‘आम्ही ऑइल पूर्ण बदलले’ असे बिलावर लिहिलेले असेल आणि तीनच लिटरचे पैसे लावलेले असतील, तर काय झाले हे आता वाचकाला कळेल. माझ्या गाडीतली घरघर पहिल्या बदलानंतर कमी झाली आणि पाचशे किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा बदलल्यावर पूर्ण थांबली.

सर्वांत नाजूक काम पातळीचे. आजच्या बहुतेक गाड्यांत या ऑइलची पातळी पाहायला काडीच नसते. ऑइल तापले की फुगते: सात लिटर ऑइल ३० अंशांवरून ८० अंशांवर गेले तर पाव लिटरहून थोडे अधिकच वाढते. म्हणून पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजायची असते, अनेक पेट्यांत ती ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान. गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावून ऑइलचे तापमान पाहायचे, इंजिन चालू ठेवायचे, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, पुन्हा पी मध्ये आणायचा आणि मग पातळीचा नट खोलायचा. जादा ऑइलची धार बारीक होत थेंबांवर आली की नट बंद करायचा. ऑइल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि जास्त झाले तर फिरत्या भागांना लागून फेस होतो. दोन्ही वेळी दाब ढासळतो आणि चकत्या जळतात. घरी इंजिन ऑइल स्वतः बदलणाऱ्या हौशी वाचकांचे मला कौतुक वाटते, पण स्कॅनर आणि समपातळीत गाडी उचलण्याची सोय नसेल तर हे काम त्यांनी अंगावर घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करावे आणि बिलावर ऑइलचे पूर्ण नाव, लिटर आणि किलोमीटर लिहून घ्यावे. जुनी गाडी घेताना हेच बिल मागावे.

पुराचे पाणी शिरले तर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. अशा पुरात बुडालेल्या गाड्यांचे मालक इंजिनची काळजी करतात, पण गिअरबॉक्स विसरतात. पेटीला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते आणि पाणी तेथून आत जाते. चकत्यांवरचे कागदासारखे अस्तर पाणी शोषून घेते, त्याखालचा गोंद सुटतो आणि अस्तर निखळते. पाणी मिसळलेले ऑइल महाबळेश्वरच्या रस्त्यावर मिळणाऱ्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी, फेसाळ दिसते. पूर न येताही असा रंग दिसला तर ऑइल थंड करणारा कूलर आतून फुटून रेडिएटरचे पाणी मिसळले असण्याची शक्यता असते.

अशी गाडी ‘सुरू होते का बघू’ म्हणून चालू करू नये, आणि दोरीने ओढूनही नेऊ नये. आतला ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना पेटीला जोडलेली चाके (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) रस्त्यावर फिरत राहिली तर पेटीचे भाग वंगणाशिवाय फिरतात. ती चाके वर उचलणाऱ्या किंवा पूर्ण गाडी पाठीवर घेणाऱ्या वाहनातूनच ती न्यावी.

काढलेल्या ऑइलचे काय?

काढलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासण्याची किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात ओतण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, पण ते पहिल्या पावसात गटारात उतरते, गटारातून वेण्णेत आणि माहुलीच्या संगमावर कृष्णेत जाते. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचे पिंप असते आणि परवानाधारक लोक ते पुन्हा शुद्ध करण्यासाठी घेऊन जातात. आमच्या मिस्त्रींनी ट्रेमधले ऑइल त्या पिंपात ओतण्याआधी मोजपात्रात घेऊन पाहिले. ते तीन लिटरला थोडे कमी भरले. नवे ऑइल त्यांनी आधी तेवढेच आत घातले आणि मग स्कॅनर हातात घेतला.